लाईन धरून बसणारे

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या बोलण्यात एक नवं वाक्य रुळलं आहे. "सर्व्हर डाऊन आहे." रेशनच्या दुकानात अंगठा उमटवायला गेलं, सातबाऱ्याचा उतारा काढायला गेलं, पीकविम्याचा अर्ज भरायला गेलं, की हे वाक्य कधी ना कधी कानावर येतंच. आमच्या उंब्रजला तर लोक ते "आज पाऊस आहे" इतक्या सहज बोलतात. ऐकणाराही ते पावसासारखंच मान्य करतो आणि "बरं, उद्या येतो" म्हणून निघून जातो. चाफळ खोऱ्यातून सकाळच्या एसटीनं आलेल्या माणसाचा त्यात एक दिवसाचा रोज बुडालेला असतो, पण तो हिशेब कुठल्याच वहीत चढत नाही.

जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे "का?" विचारायची खोड काही सुटत नाही. डाऊन म्हणजे नेमकं काय? यंत्र बंद पडलं? वीज गेली? की आत गर्दी झाली? आणि गर्दी झाली असेल तर ती मोजली कुणी, आणि कशी?

माझा एक पुतण्या पुण्यात असेच मोठाले सर्व्हर सांभाळायचं काम करतो. दिवाळीला आला होता तेव्हा त्याला धरलं. तो म्हणाला, "नाना, सर्व्हर फारसा पडत नाही. भरतो. आणि भरतो तो काम करणाऱ्यांनी कमी, नुसती लाईन धरून बसणाऱ्यांनी जास्त." हे वाक्य डोक्यातून जाईना. मग वाचत गेलो, त्याला फोन करकरून भंडावलं, आणि लक्षात आलं की ही गोष्ट संगणकाच्या फार आधीची आहे. ती टेलिफोनपासून सुरू होते.

आमच्या पिढीला ट्रंक कॉल आठवत असेल. पोस्टात जायचं, नंबर लिहून द्यायचा, ऑर्डिनरी, अर्जंट की लाईटनिंग ते सांगायचं आणि बाकावर बसून राहायचं. नाव पुकारलं की धावत जाऊन रिसीव्हर उचलायचा आणि मोठ्यांदा ओरडायचं. तीन मिनिटं झाली की मध्येच ऑपरेटरचा आवाज. आपल्याला ती बाई निष्ठुर वाटायची. पण तिच्या समोर काय होतं ते बघा. एक उभा फळा, त्यावर ओळीनं भोकं, आणि पुढ्यातल्या टेबलावर दोन-दोन टोकांच्या दोऱ्यांच्या जोड्या. एक टोक बोलावणाऱ्याच्या भोकात, दुसरं ज्याला बोलवायचं त्याच्या भोकात, की जोडणी झाली. फळ्यावर भोकं शेकड्यांनी, पण दोऱ्या मोजक्याच. म्हणजे एका वेळी किती जण बोलू शकतील हे गिऱ्हाइकांच्या संख्येवर नाही, दोऱ्यांवर ठरायचं.

आणि प्रत्येक दोरीला दिवा होता. माझ्या मते या सगळ्या विषयाचा उगम त्या दिव्यात आहे. बोलणाऱ्यानं रिसीव्हर खाली ठेवला की दिवा लागायचा. दिवा लागलेला आणि दोरी अजून भोकातच, म्हणजे संभाषण संपलं आहे पण दोरी अडकून पडली आहे. चांगली ऑपरेटर कोणती? जी पटापट जोडते तीच नाही, तर जी संपलेल्या दोऱ्या पटापट उपसते ती. किती जोडण्या आहेत हे तिला एका नजरेत दिसायचंच, पण त्यातली प्रत्येक कुठल्या अवस्थेत आहे, हेही दिसायचं.

शिवाय कॉल मोजण्याची एक साधी रीत होती. ऑपरेटरनं प्रत्येक कॉलला फळीवरची खुंटी एक भोक पुढे सरकवायची. तासाच्या शेवटी खुंटी कुठे पोचली ते बघायचं. इंग्रजीत आजही कॉलच्या मोजदादीला 'पेग काउंट' म्हणतात, म्हणजे खुंट्यांची मोजणी. ती मुळात अक्षरशः खुंटीच होती!

आता या खुंट्यांवरून गणित मांडणारा माणूस. त्याच्याविषयी थोडं सविस्तर लिहिल्यावाचून मला राहवणार नाही, कारण तो आमच्या जातकुळीतला, म्हणजे शाळामास्तर. अग्नर क्रारुप एर्लांग. जन्म १ जानेवारी १८७८, डेन्मार्कमधल्या लोनबॉर्ग नावाच्या खेड्यात. वडील गावच्या शाळेचे मास्तर. हाही काही काळ वडिलांच्याच शाळेत शिकवत होता. मग शिष्यवृत्ती मिळवून कोपनहेगनच्या विद्यापीठात गेला, १९०१ साली पदवी घेतली आणि पुन्हा शाळांतून मास्तरकी करू लागला. गणिताच्या मंडळाच्या बैठकांना नेमानं जायचा. तिथे त्याची ओळख कोपनहेगन टेलिफोन कंपनीतल्या योहान येन्सेन या इंजिनियरशी झाली. येन्सेन स्वतः चांगला गणिती होता. त्याच्यामुळे १९०८ साली एर्लांग कंपनीत लागला.

कंपनीपुढचा प्रश्न रोखठोक होता. दोऱ्या आणि तारा किती ठेवायच्या? कमी ठेवल्या तर गिऱ्हाईक चिडतं, जास्त ठेवल्या तर पैसा तांब्यात पुरला जातो. सुरुवातीला एर्लांगच्या हाताखाली मोजमापाला माणसं नव्हती. तो स्वतः रस्त्यावरच्या भुयारी तारांच्या खड्ड्यांत उतरून वीजप्रवाह मोजायचा, आणि त्याच्या मागून शिडी घेतलेला एक कामगार चालायचा. कोपनहेगनच्या लोकांना ही जोडी ओळखीची झाली होती म्हणे. १९०९ साली त्याचा पहिला निबंध आला. कॉल कसेही, केव्हाही येत असले तरी त्या 'कसेही'मध्ये एक नियम असतो, हे त्यानं दाखवलं. १९१७ साली त्यानं ते प्रसिद्ध सूत्र मांडलं, ज्यावर पुढे जगभरची एक्स्चेंजं बांधली गेली.

सूत्र लिहून तुम्हाला घाबरवत नाही, उदाहरण देतो. समजा एका गावातून तासाला सरासरी १०० कॉल होतात, आणि प्रत्येक ३ मिनिटांचा. म्हणजे एकूण ३०० मिनिटं, अर्थात ५ तासांचं बोलणं एका तासात करायचं आहे. तर लाईनी किती लागतील? वर्गात विचारलं असतं तर सगळी पोरं एका सुरात "पाच!" म्हणाली असती. पण एर्लांगच्या सूत्रात आकडे घालून बघा (मी वहीवर मांडले, मग पुतण्याकडून तपासून घेतले). ५ लाईनी ठेवल्या तर शंभरातल्या २८ जणांना 'एंगेज' मिळेल. १० ठेवल्या तर जेमतेम दोघांना. म्हणजे सरासरीच्या दुप्पट तयारी ठेवावी तेव्हा कुठे माणूस समाधानानं बोलून जातो. का? कारण माणसं सरासरीनं येत नाहीत. कधी झुंडीनं येतात, कधी कुणीच येत नाही, आणि रिकामी गेलेली मिनिटं साठवून ठेवता येत नाहीत.

एर्लांग ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, एक्कावन्नाव्या वर्षी गेला. १९४६ साली टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय समितीनं गर्दी मोजायच्या एककाला त्याचं नाव दिलं. एक लाईन तासभर सतत अडलेली असली, तर तो एक 'एर्लांग'. खेड्यातल्या मास्तराच्या पोराचं नाव वॉट आणि अँपियरच्या पंगतीत जाऊन बसलं. मला तरी याचं फार अप्रूप वाटतं.

आपल्याकडची कथा थोडक्यात. १८८२ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला पहिली एक्स्चेंजं आली. माणसाविना चालणारं पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ च्या सुमारास सिमल्याला बसलं, ७०० लाईनींचं. साहेबाला थंडीतही फोन लागत होता! १९४८ साली बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली, १९६० साली लखनौ-कानपूर दरम्यान पहिली एसटीडी सुरू झाली. स्वयंचलित यंत्रात ऑपरेटर बाई गेली आणि तिच्या जागी खटखट करणारे लोखंडी निवडक आले. पण दोरी अडकून बसण्याचा रोग तसाच राहिला. कुणी रिसीव्हर नीट ठेवला नाही, किंवा पावसात तारा एकमेकींना चिकटल्या, की एक्स्चेंजमध्ये त्या लाईनीचा दिवा लागून राहायचा. टेलिफोन खात्यातले लोक त्याला 'पीजी' म्हणत, म्हणजे सतत पेटलेला दिवा. कुणी बोलत नाही, पण यंत्राचा एक निवडक अडकून पडलेला. अशा दिव्यांची यादी करून त्या सोडवणं हे रोजचं काम असे.

मग १९८४ साली सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं सी-डॉट स्थापन झालं, आणि त्यांचं खेड्यांसाठी बनवलेलं १२८ पोर्टचं छोटं डिजिटल एक्स्चेंज १९८६ साली पहिल्यांदा बसलं ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला. राणी चन्नम्मांचं कित्तूर. आमच्या उंब्रजवरून जो पुणे-बंगळूर महामार्ग जातो, त्याच रस्त्यानं सरळ दक्षिणेला निघालं की बेळगावच्या पुढे ते लागतं. धूळ आणि उन्हाळा सोसणारं, वातानुकूलित खोली न मागणारं यंत्र. गावाला फोन आला तो अशा यंत्रांमुळे, आणि त्यांच्याही आत एर्लांगचंच गणित होतं. सगळे एकदम बोलणार नाहीत, हे गृहीत धरलेलं.

आता संगणकाकडे येऊ.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं आपल्याकडे सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं. त्या महाजालातली जोडणी ज्या नियमानं होते तो टीसीपी. १९७४ साली सर्फ आणि कान या दोघांनी तो मांडला, १९८१ साली त्याला पक्कं रूप मिळालं. पुतण्यानं मला तो असा समजावला. तुमचा मोबाईल म्हणतो, "हॅलो, ऐकू येतंय का?" सर्व्हर म्हणतो, "येतंय, तुला माझं येतंय का?" मोबाईल म्हणतो, "हो, येतंय." एवढे तीन उच्चार झाले की जोडणी पक्की. म्हणजे थेट आपला ट्रंक कॉलच की!

आणि या जोडणीला अवस्था आहेत, दोरीच्या दिव्यांसारख्या. पहिला हॅलो आला आहे पण तिसरा "हो" अजून यायचाय, ही एक. बोलणं चालू आहे, ही दुसरी. समोरच्यानं "ठेवतो" म्हटलं, पण आपल्याच प्रोग्रामनं रिसीव्हर खाली ठेवला नाही, ही तिसरी. दोघांनी निरोप घेतला, तरी उशिरा पोचणारं एखादं पत्र येईल म्हणून थोडा वेळ दार लोटून थांबायचं, ही चौथी. मूळ नियमात हे थांबणं चार मिनिटांचं होतं, लिनक्समध्ये ते एक मिनिटाचं केलं आहे. १९८०च्या दशकापासून युनिक्समध्ये 'नेटस्टॅट' नावाची एक आज्ञा आहे. ती दिली की सगळ्या जोडण्या अवस्थेसकट ओळीनं पडद्यावर येतात. पुतण्यानं त्याच्या लॅपटॉपवर दाखवली. मला तर ती हजेरीपटासारखीच दिसली. हजर, गैरहजर, आणि 'दप्तर वर्गात, पोरगं बाहेर' :)

त्यानं एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. नुसती बेरीज बघून काही कळत नाही. पटावर ६० मुलं आहेत म्हणून वर्ग चालला आहे असं होत नाही. चौथ्या अवस्थेतल्या जोडण्या हजारोंनी दिसल्या तरी सहसा घाबरायचं कारण नसतं, गर्दी येऊन नीट गेली एवढाच त्याचा अर्थ. तिसऱ्या अवस्थेतल्या वाढत चालल्या तर दोष आपल्या घरात आहे, प्रोग्रामच निरोप घेत नाही. पहिल्या अवस्थेतल्या अचानक वाढल्या तर कुणीतरी दारावर थापा मारून पळतंय. १९९६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीला असाच फटका बसला होता. कुणीतरी खोट्या पत्त्यांवरून सारखे पहिले हॅलो पाठवत राहिलं, सर्व्हर प्रत्येकाला "तुला ऐकू येतंय का?" विचारून उत्तराची वाट बघत राहिला, आणि खऱ्या गिऱ्हाइकाला जागाच उरली नाही. न बोलता लाईन धरण्याचा हा पहिला गाजलेला प्रकार.

१९९५ सालीच अपाची नावाचा वेबसर्व्हर आला आणि वर्षभरात जगात सर्वाधिक वापरला जाऊ लागला. त्याची पद्धत म्हणजे प्रत्येक येणाऱ्यामागे एक कारकून. पाहुणा जाईपर्यंत तो कारकून त्याचाच. जुन्या अपाचीत कारकुनांची मर्यादा नेहमीच्या मांडणीत २५६ असायची. दोनशे सत्तावन्नावा आला की तो दाराबाहेर उभा. पण अपाचीत एक छान सोय होती. सर्व्हरची स्थिती दाखवणारं एक पान, आणि त्यावर प्रत्येक कारकुनासाठी एक अक्षर. रिकामी खुर्ची म्हणजे टिंब. बसून वाट बघणारा म्हणजे आडवी रेघ. पाहुण्याचा अर्ज वाचणारा 'आर', उत्तर लिहून देणारा 'डब्ल्यू'. आणि 'के' म्हणजे उत्तर देऊन झालं आहे, पण पाहुणा आणखी काही मागेल म्हणून त्याच्यासमोर नुसता बसून राहिलेला कारकून. ऑपरेटरच्या फळ्यावरचे दिवे ऐंशी-नव्वद वर्षांनी अक्षरांच्या रूपानं परत आले होते. अनुभवी माणूस त्या अक्षरांच्या रांगेवरून नजर फिरवून दुखणं ओळखायचा. पानभर 'डब्ल्यू' असतील तर मागचा डेटाबेस संथ झालाय. पानभर 'के' असतील तर लोक न बोलता बसलेत.

आणि हे 'के' किती महाग पडतात बघा. इथे मला आमच्या जवळच्या तासवडे टोल नाक्याचं उदाहरण द्यावंसं वाटतं. समजा मिनिटाला २० गाड्या येतात आणि पैसे, सुटे, पावती यात प्रत्येकीचे ३० सेकंद जातात. तर कुठल्याही क्षणी १० खिडक्या अडलेल्या असणार. २० गुणिले अर्धा मिनिट. आता फास्टॅगमुळे तेच काम ५ सेकंदांत झालं, तर त्याच गर्दीला दोन खिडक्याही पुष्कळ झाल्या. गाड्या कमी झाल्या नाहीत, एकीचा वेळ कमी झाला. येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ बरोबर आत असलेल्यांची संख्या. इतकं सोपं की सातवीच्या पोरालाही पटावं, पण त्याची सिद्धता अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी १९६१ साली दिली, आणि ते सूत्र त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

तेच सर्व्हरला लावा. सेकंदाला १०० माणसं येतात, प्रत्येकाचं काम सेकंदाच्या पाचव्या हिश्शात होतं. मग आत एका वेळी फक्त २० जण. २५६ कारकुनांपैकी बाकीचे जांभया देताहेत. पण काम झाल्यावरही प्रत्येकापुढे १५ सेकंद बसून राहायचं ठरवलं (जुन्या अपाचीत मुळात तेवढीच मुदत होती), तर खुर्च्या लागतील दीड हजार! तीच गर्दी, तेच काम, आणि बाहेर पाटी 'सर्व्हर डाऊन'. २००९ साली एकानं हे मुद्दाम करून दाखवलं. स्लोलोरिस नावाचा छोटा प्रोग्राम सर्व्हरकडे अर्ज पाठवायचा, पण एकेक तुकडा, रेंगाळत रेंगाळत, कधीच पुरा न होणारा. एका साध्या संगणकानं मोठा सर्व्हर अडवता येत होता, आणि यंत्रावर भार मात्र काहीच दिसत नसे. कारकून सगळे 'आर' वर, पेन उघडून बसलेले.

यावर उतारा काय? तो आपल्या लग्नाच्या पंगतीत पूर्वीपासून आहे. पाचशे पानांची पंगत असली तरी आपण पानागणिक एक वाढपी ठेवतो का? आमटीचं भांडं घेतलेला एक जण ओळीतून फिरतो, जिथे वाटी रिकामी दिसेल तिथे वाढतो, जो अजून जेवतोय त्याच्यापाशी थांबत नाही. १९९९ साली डॅन केगेल या अमेरिकन इंजिनियरनं प्रश्न टाकला की एका यंत्रानं एका वेळी १०,००० जोडण्या का सांभाळू नयेत? २००४ साली ईगोर सिसोएव या रशियन माणसानं 'एंजिनएक्स' हा वेबसर्व्हर खुला केला, तो नेमका वाढप्याच्या पद्धतीचा. मोजके वाढपी, हजारो पानं. इथे लाईन धरून गप्प बसणारा फारसा जड होत नाही, कारण त्याच्यापुढे कुणी बसवलेलंच नसतं.

घरच्या मंडळींच्या रोजच्या वापरातलं उदाहरण म्हणजे व्हॉट्सॲप. १९८६ च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी एक संगणकभाषा घडवली गेली. तिचं नाव काय ठेवलं? एर्लांग! व्हॉट्सॲपवाल्यांनी आपला सर्व्हर त्याच भाषेत उभा केला, आणि २०१२ च्या जानेवारीत जाहीर केलं की त्यांच्या एकाच यंत्रावर एका वेळी २० लाखांहून जास्त जोडण्या चालू आहेत. त्यातले बहुतेक जण कुठल्याही क्षणी काहीच बोलत नसतात, नुसते जोडलेले असतात. सकाळी सहाला आपल्या घराण्याच्या ग्रुपवर फुलांच्या चित्रांचा पाऊस पडतो, तेव्हाची गोष्ट वेगळी.

मग इतकं सगळं माहीत असताना १६ जुलै २०२१ सारखा दिवस का येतो?

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. त्या वर्षी कोरोनामुळे दहावीची परीक्षा झालीच नाही. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावला, ९९.९५ टक्के. मुलं १५ लाखांच्या वर. दुपारी १ वाजता निकाल संकेतस्थळावर दिसणार असं जाहीर झालं, आणि एक वाजता संकेतस्थळं बसली. कित्येक तास निकाल दिसेना. चौकशीची घोषणाही झाली. बहुतेक सगळे पास आहेत हे ठाऊक असूनही घराघरांत पोरं मोबाईल हातात धरून रडकुंडीला आली होती. ज्यांनी वर्षभर शाळेची पायरी पाहिली नव्हती, त्यांना 'आपलं काहीतरी झालं' हे सांगणारं तेवढं एकच पान होतं.

एर्लांगच्या सूत्रात एक अट आहे, ती इथे मोडते. माणसं एकमेकांना न विचारता, आपापल्या वेळी येतात, आणि एंगेज मिळालं तर निघून जातात, असं त्यात धरलेलं आहे. निकालाला सगळी घंटेच्या ठोक्याला येतात, आणि कुणीही निघून जात नाही. उत्तर आलं नाही की पोरगं पुन्हा बटण दाबतं. जुनी जोडणी सर्व्हरनं अजून धरून ठेवलेली असते, त्यात नवी येते. पाच वेळा दाबलं तर एका पोराच्या पाच. शिवाय त्याच बैठक क्रमांकानं मुंबईचे काका, साताऱ्याची मावशी आपापल्या मोबाईलवर बघत असतात ते वेगळेच. म्हणजे गर्दी जितकी तुंबेल तितकी वाढते. मिनिटामिनिटाला अवस्थांची मोजणी डोळ्यांसमोर ठेवणारा माणूस असेल तर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच दिशा कळते, आणि तेव्हा मुदती कमी करणं, साधं हलकं पान पुढे करणं, काही गर्दी दुसऱ्या दारानं घेणं असे उपाय हातात असतात. भरल्यावर नसतात. पुढच्याच महिन्यात, ३ ऑगस्टला, बारावीचा निकाल लागला तेव्हा अनेक संकेतस्थळांचे पत्ते दिले गेले. ते योग्यच झालं. निकाल लागल्यानंतर बदलत नसतो, त्यामुळे तो आधीच तयार करून दहा दारांशी ठेवायला काही हरकत नसते. आमच्या वेळी शाळेच्या फळ्यावर यादी लागायची. एक कागद, भोवती दोनशे पोरं, आणि कुणासाठीच वेगळा कारकून नाही!

माझी एक सूचना आहे, पटली तर तुमच्या ओळखीत जो कुणी अशा जागी असेल त्याच्या कानावर घाला. निकालाच्या दिवशी मंडळ पत्रकार परिषद घेतं, विभागवार टक्केवारी सांगतं. कोकण पुढे, मुली पुढे, कोल्हापूर विभाग अमुक क्रमांकावर. त्याच कागदावर दुसऱ्या दिवशी आणखी चार ओळी छापाव्यात. एक वाजून एक मिनिटानं किती जोडण्या होत्या, एक वाजून पाच मिनिटांनी किती, त्यातल्या किती जणांना पान मिळालं, किती नुसते धरून होते, आणि शेवटच्या मुलाला निकाल किती वाजता दिसला. रेशनच्या आणि सातबाऱ्याच्या सर्व्हरचंही तसंच, महिन्यातून एकदा, तलाठी कचेरीच्या भिंतीवर. खुंटी कुठल्या भोकात होती एवढंच तर सांगायचंय.